इम्प्रेस, करपा आणि एफ-फोरचं बटण

स्लाइड बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल कुठेही वाचा, टेम्प्लेट किती, ॲनिमेशन किती, रंगसंगती किती याचीच मोजदाद असते. माझ्या कामात या तिन्हींचा उपयोग शून्य. मी चोपडा तालुक्यात केळी उत्पादकांच्या एका कंपनीत शेतीसल्ल्याचं काम करते. मृगबाग आणि कांदेबाग हे आमच्याकडे केळीच्या लागणीचे दोन हंगाम. दोन्हींच्या आधी गावोगावी बैठका असतात. अडावद, धानोरा, तापीकाठची गावं, कधी पलीकडे यावल-रावेरपर्यंत. सोसायटीच्या गोदामात नाहीतर मंगल कार्यालयात पडदा लावायचा आणि पानांचे फोटो दाखवायचे. समोर बसलेल्या माणसाचा जन्म केळीत गेलेला. त्याला गिरक्या घेत येणारी अक्षरं दाखवून काय मिळवायचं? त्याला पान दाखवायचं असतं, आणि ते पान खरं दिसलं पाहिजे.

म्हणून मी सॉफ्टवेअर एकाच गोष्टीवर जोखते. फोटो आणि आकृत्या पाहिजे त्या जागी, पाहिजे त्या मापात, न बिघडता बसतात का? या परीक्षेत लिबरऑफिसचा इम्प्रेस चांगल्या गुणांनी पास होतो, काही बाबतीत पॉवरपॉइंटच्याही पुढे जातो. पण दोन-तीन ठिकाणी मात्र तो तुमच्या संयमाची परीक्षा घेतो. तेही खाली लिहिलं आहे.

आधी फोटो ताणण्याचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. करपा, म्हणजे सिगाटोका, सुरुवातीला पानाच्या शिरांना समांतर बारीक पिवळसर रेघांच्या रूपात दिसतो. पुढे त्यांचे लांबट तपकिरी ठिपके होतात, मधला भाग राखाडी पडतो, भोवती पिवळी कड येते, मग ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान वाळतं. लांबटपणा ही यातली मुख्य खूण. आता शिरा उभ्या दिसतील असा काढलेला फोटो घ्या आणि स्लाइडवरची मोकळी जागा भरायला त्याची बाजूची खूण धरून आडवा ओढा. पान रुंद होतं, लांबट ठिपका गोल होतो आणि पडद्यावर भलताच रोग दिसायला लागतो. तालुक्याच्या मेळाव्यांत असे फुगलेले फोटो मी भरपूर पाहिले आहेत. माणसांचे चेहरे फुगले की लोक हसतात, पानं फुगली की कोणाच्या लक्षातही येत नाही. हरण्या नावाच्या रोगाचं तर आणखी अवघड. त्यात पानावर तुटक पिवळे पट्टे उमटतात, हा रोग मावा नावाची कीड पसरवते, आणि लागण झालेलं झाड उपटून नष्ट करण्यापलीकडे त्याला औषध नाही. पट्टा तुटक आहे की सलग हे फोटोत नीट दिसलं नाही तर शेतकरी चांगलं झाड उपटेल किंवा रोगट झाड तसंच उभं ठेवेल.

इम्प्रेसमध्ये फोटोवर एकदा क्लिक करायचं आणि एफ-फोर दाबायचं. ‘पोझिशन अँड साइझ’ नावाची खिडकी उघडते. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती, चारही आकडे सेंटिमीटरमध्ये, हाताने टाकता येतात. शेजारी ‘कीप रेशो’चा चौकोन असतो. त्यावर बरोबरची खूण केली की रुंदी बदलताना उंची आपोआप त्याच प्रमाणात बदलते. पान ताणलं जाण्याचा प्रश्नच मिटला. ज्यांनी आयुष्यभर पॉवरपॉइंट वापरलाय त्यांना सवयीने गोंधळायला होईल, कारण तिथे एफ-फोर म्हणजे ‘आत्ता केलं तेच पुन्हा कर’. इथे तसं नाही. दोन दिवसांत बोटांना वळण लागतं.

या खिडकीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नऊ ठिपक्यांचा छोटा चौकोन, बेस पॉइंटचा. तुम्ही दिलेलं माप फोटोच्या कोणत्या बिंदूपासून धरायचं हे तिथे ठरवायचं: चार कोपरे, चार बाजूंचे मध्य, नाहीतर अगदी मधला बिंदू. पॉवरपॉइंटमध्ये याच जागी दोनच पर्याय आहेत, वरचा डावा कोपरा किंवा मध्य. नऊ बिंदू ही चैन वाटेल, पण नाही. समजा निरोगी घड आणि रोगट घड शेजारी शेजारी दाखवायचेत आणि दोघांचा तळ एका रेषेत हवाय. खालच्या मधल्या ठिपक्यावर क्लिक करा, दोघांना वरून तेच अंतर द्या, झालं. उंची कितीही कमी-जास्त असली तरी दोन्ही घड एकाच जमिनीवर उभे.

आता एक प्रत्यक्ष मांडणी सांगते, कारण नुसतं ‘छान आहे’ म्हणून कोणाचं काम होत नाही. करप्याच्या चार अवस्थांचे चार फोटो, मोबाइलवर उभे काढलेले, म्हणजे तीनास चार प्रमाणाचे. इम्प्रेसची सोळास नऊ स्लाइड २८ सेंटिमीटर रुंद आणि १५.७५ सेंटिमीटर उंच असते. प्रत्येक फोटो ६ बाय ८ केला तर चार फोटोंचे २४ सेंटिमीटर होतात, उरले ४. दोन्ही टोकांना आणि मधल्या तिन्ही फटींना सारखं वाटायचं तर पाच जागा, प्रत्येकी ०.८. म्हणजे डावीकडून ०.८, ७.६, १४.४ आणि २१.२ हे चार आकडे, आणि वरून सगळ्यांना ४.५. वर मथळ्याला जागा राहते, खाली ‘सुरुवात’, ‘रेघा’, ‘ठिपके’, ‘वाळलेलं पान’ लिहायला राहते. हे गणित एकदा वहीत लिहून ठेवलं की दर हंगामात फोटो तेवढे बदलायचे.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट आहेच. एकच वस्तू निवडून ‘सेंटर’ म्हटलं तर ती स्लाइडच्या मध्यावर जाते, अनेक निवडल्या तर त्या एकमेकींच्या हिशेबाने रांगेत येतात. डिस्ट्रिब्यूटला निदान तीन वस्तू निवडाव्या लागतात, आणि टोकाच्या दोन जागच्या हलत नाहीत, मधल्या सरकून सारख्या अंतरावर बसतात. म्हणून आधी पहिला आणि शेवटचा फोटो नक्की जागेवर बसवायचा, मधले कसेही टाकायचे आणि बटण दाबायचं. थोडं सरकवायचं असेल तर बाणाची बटणं आहेत, अगदी केसभर सरकवायचं असेल तर ऑल्ट धरून बाण.

फोटोतला नको तो भाग काढायला क्रॉप. खुणा ओढूनही काप घेता येतो, पण माझ्या उपयोगाचा आहे तो क्रॉपचा डायलॉग. तिथे ‘कीप स्केल’ निवडलं तर कापल्यावर फोटो लहान होतो पण आतलं पान जेवढं दिसत होतं तेवढंच राहतं. ‘कीप इमेज साइझ’ निवडलं तर चौकट तेवढीच राहते आणि आतलं पान ताणलं जाऊ शकतं. पानाच्या फोटोला पहिलाच पर्याय. कापलेला भाग फाइलीतून जात नाही, नुसता लपतो, त्यामुळे मोबाइलचे पाच-पाच एमबीचे फोटो टाकत गेलं की फाइल फुगत जाते. टूल्समध्ये ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ आहे, ते कापलेले भाग कायमचे काढून फाइल हलकी करतं. मूळ फाइल वेगळी ठेवूनच ते करावं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी मी हे सॉफ्टवेअर सोडत नाही. ती आहे डुप्लिकेट, शिफ्ट आणि एफ-थ्री. लागणीचं अंतर समजावताना मला बागेचा नकाशा काढावा लागतो. दीड बाय दीड मीटरवर लागण केली तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, हा आकडा आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतो. पण तो डोळ्यांना दाखवला की मग ‘अंतर वाढवलं तर झाडं किती कमी होतील, हवा किती खेळेल’ ही चर्चा जमिनीवर येते. स्लाइडवर १ मीटरला १ सेंटिमीटर धरते. पहिलं झाड म्हणजे ०.६ सेंटिमीटरचं हिरवं वर्तुळ, मध्य डावीकडून २ आणि वरून ३ सेंटिमीटरवर. इथेही मधला बेस पॉइंट कामाला येतो. मग शिफ्ट-एफ-थ्री दाबायचं, प्रती १६, आडवं अंतर १.५, उभं अंतर शून्य. एका दमात सतरा झाडांची ओळ. सगळी ओळ निवडून ग्रुप केली, पुन्हा शिफ्ट-एफ-थ्री, प्रती ७, आडवं शून्य, उभं १.५. आठ ओळी, १३६ झाडं, एकही इकडची तिकडे नाही. ठिबकची नळी दाखवायची तर एक रेष पहिल्या ओळीवर टाकून तिच्याही तशाच सात प्रती. पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल-डीने पहिली प्रत योग्य जागी ओढली की पुढच्या प्रती तेच अंतर लक्षात ठेवून पडतात, तेही वाईट नाही. पण तिथे पहिलं अंतर बहुतेकदा नजरेने ठरतं, इथे आकड्याने. केळी लावताना दोरी लावून खुणा करणाऱ्या माणसांना हा फरक लगेच कळतो. बैठकीत दीड मीटरच्या स्लाइडनंतर मी पावणेदोन मीटरची दाखवते, अंतराचा आकडा बदलून आणि स्लाइडवर मावतील तेवढ्याच प्रती घेऊन. दोन्ही एकाच प्रमाणात असल्यामुळे झाडं विरळ झालेली नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

दुसरी तशीच गोष्ट ग्लू पॉइंट, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. फोटोतल्या ठिपक्याकडे बाण दाखवायचा तर सगळे साधी रेष काढतात. नंतर फोटो जरा सरकवला की बाण हवेत लटकतो. इम्प्रेसमध्ये रेषेऐवजी कनेक्टर वापरायचा. तो वस्तूला चिकटतो आणि वस्तू हलली की मागोमाग हलतो. एरवी चिकटायच्या जागा कडांवर असतात, पण ग्लू पॉइंटच्या टूलबारमधून तुम्ही फोटोच्या आत, नेमक्या ठिपक्यावर स्वतःची जागा ठेवू शकता. एक टोक लेबलच्या चौकोनाला, दुसरं करप्याच्या ठिपक्याला. मग फोटो कुठेही न्या, बाण ठिपका सोडत नाही. अडावदच्या बैठकीत मागच्या रांगेतल्या एका काकांनी बाणाकडे बोट दाखवून म्हटलं, “ताई, हाऊ ठिपका ते मना वावरमा बी शे.” पुढचा अर्धा तास स्लाइड पुढे सरकली नाही, सगळे आपापल्या वावरातल्या पानांवर बोलत राहिले. माझी बैठक याच्यासाठीच असते.

एफ-फोरच्या त्याच खिडकीत ‘प्रोटेक्ट’ म्हणून दोन खुणा आहेत, जागा आणि माप. दोन्ही केल्या की फोटो ओढून हलत नाही, वाढत नाही. आमच्या ऑफिसात फाइल चार हातांतून जाते, कोणी तारीख बदलतं, कोणी गावाचं नाव. त्या गडबडीत माउस घसरून पान सरकत नाही, एवढं या दोन खुणा सांभाळतात. पॉवरपॉइंटच्या ताज्या आवृत्त्यांमध्येही आता लॉक आलंय. कंपनीचा लोगो मात्र प्रत्येक स्लाइडवर चिकटवून त्याला कुलूप लावत बसू नका. तो मास्टर स्लाइडवर एकदा ठेवा, सगळीकडे त्याच जागी दिसेल आणि कोणाच्या हाताला लागणार नाही.

तक्रारी. पहिली आणि मोठी: पॉवरपॉइंटमध्ये वस्तू ओढताना ज्या तुटक रेषा उगवतात, ‘आता हा त्या फोटोच्या रेषेत आला, आता दोन्हीकडचं अंतर सारखं झालं’ असं सांगणाऱ्या, त्या तोडीची सोय इथे नाही. ग्रिडला चिकटणं आहे, वस्तूंच्या कडांना चिकटणं आहे, पट्टीवरून ओढून मार्गरेषाही आणता येतात. पण सारख्या अंतराचं आपोआप सांगणं नाही. ज्याला माउसने भराभर मांडणी करायची सवय आहे त्याला इम्प्रेस आडमुठा वाटेल, आणि त्याचं चूक नाही. लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो लावायला मी स्वतःही इम्प्रेस सुचवणार नाही.

दुसरी: एकावर एक ठेवलेल्या वस्तूंची यादी. पॉवरपॉइंटमध्ये ऑल्ट-एफ-टेन दाबलं की सिलेक्शन पेन उघडतो. प्रत्येक वस्तूचं नाव, डोळ्याचं चिन्ह दाबून लपवायची सोय, वर-खाली ओढायची सोय. अतिशय नीट काम. इम्प्रेसमध्ये नॅव्हिगेटर आहे, पण वापरायला इतका सरळ नाही, आणि वस्तूंना आपण नावं दिली तरच त्यातून काही हाती लागतं. रोजच्या कामाला मी टॅब वापरते, दर दाबाला पुढची वस्तू निवडली जाते. नाहीतर ऑल्ट धरून क्लिक, म्हणजे वरच्या वस्तूखाली दडलेली हाती लागते. पुढे आणायला कंट्रोल-शिफ्ट-प्लस, मागे ढकलायला कंट्रोल-शिफ्ट-मायनस.

तिसरी तक्रार इम्प्रेसची एकट्याची नाही, पण भोगावी लागते. इथे केलेली फाइल पीपीटीएक्स करून दुसऱ्याच्या पॉवरपॉइंटमध्ये उघडली की फोटो बहुधा जागेवर राहतात, मराठी मजकूर मात्र सरकू शकतो. त्या कॉम्प्युटरवर तुमचा देवनागरी फॉन्ट नसला की दुसरा येतो, त्याची रुंदी वेगळी, मग ओळ तुटते आणि लेबल फोटोवर चढतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट सोबत जोडायची सोय आहे, ती इम्प्रेसमधून इम्प्रेसमध्ये नेताना उपयोगी. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल तर सरळ पीडीएफ करा. पानं दाखवायला ॲनिमेशन लागत नाही, पीडीएफमध्ये काहीच हुकत नाही.

गूगल स्लाइड्सचंही थोडं सांगते, कारण ऑफिसातली नवी मुलं तेच उघडतात. त्यातही फॉरमॅट ऑप्शन्समध्ये माप आणि जागेचे आकडे टाकता येतात, बाणाने सरकवता येतं, शिफ्ट धरला तर पिक्सेलभर. दोघांनी मिळून एकाच फाइलवर बसायचं तर त्याला तोड नाही. पण प्रतींची संख्या आणि अंतर देऊन बाग काढून देणारा डुप्लिकेट तिथे नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटच्या भरवशावर बैठक ठेवणं म्हणजे लाइनीच्या भरवशावर मोटर सोडून घरी जाण्यासारखं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट फोटो टाकायच्या आधी ठरवावी: स्लाइडचा आकार. गावागावांतले जुने प्रोजेक्टर चारास तीन प्रमाणाचे असतात. त्यावर सोळास नऊची स्लाइड टाकली की वर-खाली काळे पट्टे येतात आणि पान तेवढं लहान दिसतं. इम्प्रेसची चारास तीनची स्लाइड २८ बाय २१ असते, म्हणजे रुंदी तीच, उंची सव्वापाच सेंटिमीटर जास्त. माझे डावीकडचे चारही आकडे दोन्हींकडे चालतात, वरचा तेवढा बदलावा लागतो. सगळं मांडून झाल्यावर आकार बदलायला गेलात तर वस्तू नव्या कागदात बसवण्याचा पर्याय विचारपूर्वक निवडा, आणि नंतर एकेका फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण एफ-फोरमध्ये तपासा.

किंमत: फुकट. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था सांभाळते, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही. मेनू मराठीत करता येतात. मी इंग्रजीतच ठेवलेत, कारण फोनवर कोणाला सांगताना ‘फॉरमॅट मेनूत पोझिशन अँड साइझ बघ’ म्हटलं की दोघांच्या पडद्यावर तेच दिसलेलं बरं.

मोजून मांडणी करणाऱ्याने घ्यावं: शेतीसल्लागार, विज्ञानाचे मास्तर, नकाशे आणि आकृत्या काढणारे, प्रयोगशाळेतली पोरं. ज्याला दहा मिनिटांत देखणं काही करून द्यायचंय आणि ऑफिसात पॉवरपॉइंट आधीच आहे, त्याने उगाच बदलू नये. पाचपैकी चार. कापलेला एक गुण त्या सारख्या अंतराच्या रेषांचा. ती सोय पुढच्या एखाद्या आवृत्तीत आली तर तोही देईन.